फाटक्या कापडाचं डोंगाघाट

"तुमची हे साडी कधी फाटन जी?"

कौतिकाबाई नान्हे माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. मी बदली होऊन त्या गावच्या शाळेत आले होते, सामान अजून पोत्यांतच होतं, आणि हाती लागली ती निळी साडी धुऊन तारेवर टाकली होती. शेजारच्या अंगणातून एक उंच, हाडापेराने मजबूत बाई कुंपणाशी आली, साडीचा काठ दोन बोटांत धरून चोळला आणि वर चौकशी ही अशी. नव्या शेजारणीकडे कोणी विरजण मागतं, कोणी आडनावावरून जात काढू पाहतं. साडी फाटायचा मुहूर्त विचारणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती.

"आत्ताच घेतलीय हो," मी म्हटलं.

"मंग जुनी आहे का एखादी? पार गेलेली?"

"आहे की."

"कोन्या गावची?"

"भंडाऱ्याची. माहेर तिथलंच माझं."

"मंग नाई पायजे," असं म्हणून त्या पाठ फिरवून निघूनही गेल्या. माझी फाटकी साडीसुद्धा नापास झाली. शिक्षकाला नापास होण्याची सवय नसते, त्यामुळे मी दोन दिवस त्यांच्याशी फुगून होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

गाव म्हणजे डोंगाघाटचं पुनर्वसन. मूळ डोंगाघाट वैनगंगेच्या काठाला होतं, ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. लोकांना कोंढ्याच्या बाजूला उंचावर प्लॉट मिळाले. सरळ रस्ते, सारखी घरं, सारख्या अंतरावर विजेचे खांब. बदलीवर आलेल्या माझ्यासारखीला हे फार सोयीचं वाटलं. तिथल्या माणसांना मात्र इतक्या वर्षांनीही अंधार पडल्यावर आपलं दार चुकायचं. दुसऱ्याच्या ओट्यावर चढून बसलेला म्हातारा आणि "आजा, तुमचं घर पलीकडं हाये" म्हणणारी सून, हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल.

कौतिकाबाईंचे यजमान सोमाजी मात्र कुणाच्या ओट्यावर चढत नसत. त्यांना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही गेलं होतं. चांगलं म्हटलं की "हूं", वाईट म्हटलं की "अंहं", एवढ्यावर त्यांचा सगळा संसार चालायचा. एक वाक्य मात्र कसं कोण जाणे, धड राहिलं होतं. दिवेलागणीला ते बाजेवरून म्हणायचे, "घरी चल."

रोज. भिंतीपलीकडे वह्या तपासत बसले की मला ऐकू यायचं. "घरी चल." सुरुवातीला कौतिकाबाई समजावून सांगत. हेच घर आहे, हे दार, ही चूल, हा आपला डोंगा, आपली नाव, नाही का उलटी करून ठेवलेली. ते सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "घरी चल." मग त्यांनी समजावणं सोडलं आणि तिकडच्या बायकांच्या 'नेतो, आनतो'च्या बोलीत म्हणू लागल्या, "नेतो ना जी. उद्या नेतो." चाळीस वर्षं नदीत मासे मारलेला माणूस हे ऐकून शहाण्या मुलासारखा डोळे मिटायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझा रुसवा मीच काढला आणि एकदा विचारलं, हा फाटक्याचा सोस कशाला?

"बुढ्याले नेता येत नाई," त्या म्हणाल्या, "तं गाव इथं आनतो."

बाजारातून वांगी आणते म्हणावं तसं म्हणाल्या.

मग मला आत नेऊन दाखवलं. सोमाजींचं मोठं ओढायचं जाळं, आता पाण्याचा वास गेलेलं, खोलीभर पसरलं होतं. त्याच्या भोकांतून कापडाच्या चिंध्या ओवून गाठी मारलेल्या. एका कडेला पिवळा ठिपका, थोडं सोडून पांढरा, मग बरंच मोकळं जाळं. प्रत्येक घराचं कापड त्या घराचंच हवं, आणि तेही जुन्या गावात वापरलेलं, अशी अट होती. अट ऐकून मी म्हटलं, कुठल्याही कापडाचं केलं तर काय बिघडलं? घर म्हणजे घर.

"भिती तं सगळ्यायच्या मातीच्याच होत्या," त्या म्हणाल्या. "बुढा नदीतून याचा तं त्याले दुरून का दिसे? दोरीवरचे कपडे. लाल लुगडं दिसलं का देवकाचं घर. मोठं धोतर दिसलं का धोंडूजीचा गुरायचा वाडगा. कपडे पाहूनच थो डोंगा वळवे."

मी खाली बसले आणि जाळ्याचं एक टोक धरलं.

त्यांची मोजणीही त्यांचीच होती. कोणतं घर किती अंतरावर, हे त्या हाकेवर ठरवत. दारात उभं राहून एक हाक मारली की ज्या घरातून ओ यायची ते जवळचं. दोन हाका माराव्या लागायच्या ते थोडं लांब. "बोडीच्या पलीकडची सुमित्रा तं ओ देतच नोहोती, घरात असली तरी नाई," असं म्हणून सुमित्राबाईंचं घर त्यांनी जाळ्याच्या पार टोकाला टाकलं होतं. त्यात अंतर किती आणि जुना राग किती, ते मला कधी कळलं नाही. बोडी म्हणजे गावचा लहान तलाव. त्याच्या काठाला कुणब्यांची घरं आणि धानाच्या बांध्या, नदीच्या अंगाला मासेमार ढिवरांची. एकेक घर ठरलं की त्या सोमाजींच्या बाजेसमोर जाळं धरत आणि बोट ठेवत. "हूं" आलं की गाठ पक्की. "अंहं" आलं की सोडून पुन्हा. कात्री त्या वापरत नसत. दाताने कडेला चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. तो आवाज झाला की माझ्या वह्यांवरची लाल रेघ हमखास वाकडी जायची.

अडचण एकच होती. कापड मिळत नव्हतं.

यात कुणाचा कंजूषपणा नव्हता, उलट फार मोठं मन आडवं येत होतं. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर घरोघर गेले तेव्हा ते पाहिलं. कौतिकाबाई कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, हातभर हिरव्या बांगड्या घालून दारात उभ्या राहत आणि फाटकं मागत. आता भरल्या कपाळाची सवाशीण उंबऱ्याशी आली आणि तिच्या हातावर चिंधी ठेवली, असं आपल्याकडे कोणती बाई करील? ज्या घरी गेलो तिथे पाट मांडला, चहा झाला, हळदीकुंकू झालं आणि ओटीत पडला कोरा ब्लाउजपीस.

ब्लाउजपीस ही फार मजेची वस्तू आहे. ती शिवण्यासाठी नसतेच, फिरण्यासाठी असते. या घरातून त्या घरात, लग्नातून बारशात, तिच्या आयुष्यात सुई तेवढी येत नाही. पाचव्या घरी कौतिकाबाईंच्या ओटीत जो गुलाबी पडला, तो संक्रांतीला मीच दुसऱ्या कुणाला दिला होता. कोपऱ्यावर माझ्याच हातचा शाईचा डाग होता.

देवकाबाईकडे तर कमालच झाली. देवकाबाई म्हणजे कौतिकाबाईंची जुन्या गावची सख्खी शेजारीण, एका हाकेवरची. तिच्या कुंपणावर ते लाल लुगडं वाळत होतं. नदीतून दिसायचं तेच. आता त्याचं पोतेरं झालं होतं.

"हेच दे व," कौतिकाबाई म्हणाल्या.

देवकाबाईने ते झटक्यात ओढून पाठीमागे लपवलं. "अवं माय! सवाशीण बाई तू, अन् तुह्या वटीत पोतेरं टाकू? घरात लेकरंबाळं हायेत माह्या."

"मीच मागून राहिलो ना पन."

"तू मांगशीन. पाप तं मले लागन."

"देवका, त्या पोतेऱ्यातच तुहं घर आहे व."

देवकाबाई रडकुंडीला आली, पण दिलं नाही. दिला पोपटी ब्लाउजपीस आणि वर नारळ. परत येताना कौतिकाबाईंच्या काखेतलं गाठोडं चांगलं फुगलं होतं आणि त्यात उपयोगाचं एक सूतही नव्हतं. मला हसू येत होतं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"होते जी, होते," त्या म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं. गॅस संपला तरी "होते जी", डॉक्टरांनी आता फरक पडणार नाही असं सांगितलं तरी "होते जी".

मग त्यांनी युक्ती काढली. हातात देऊ नका, उकिरड्यावर फेका, मी उचलून घेईन. ही युक्ती त्यांनी साऱ्या गावात सांगितली, आणि गाव हादरलंच. सोमाजीची बायको आपल्या घरचं फाटकं उकिरड्यावरून वेचणार, म्हणजे नाक कापलं गेलं की! त्या आठवड्यात घराघरांच्या मागच्या अंगणात जुनेर जळलं. उश्यांतलं, पाळण्यातलं, तुळईवर बांधून ठेवलेलं. रोज वापरातलं आणि पेटीच्या तळाशी विसरलेलं तेवढं वाचलं. कपड्याचा करपट वास सगळ्या सरळ रस्त्यांवरून फिरत होता. कौतिकाबाई कुंपणाशी उभ्या होत्या.

"पाहा म्याडम," त्या म्हणाल्या, "मांगून मांगून मीच जाळलं."

त्या दिवशी "होते जी" आलं नाही.

नाइलाजाने त्यांनी एकदा ब्लाउजपीस लावून पाहिला. देवकाबाईच्या घराच्या जागी पोपटी बांधला आणि जाळं बाजेसमोर धरलं. मी तिथेच होते. सोमाजींनी बराच वेळ पाहिलं. "अंहं." त्यांनी गाठ थोडी डावीकडे घेतली. "अंहं." नदीकडे सरकवली. "अंहं." मग त्या चुकीच्या गावाकडे पाहायचंच नसल्यासारखं त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दिवेलागण झाली आणि भिंतीकडूनच आवाज आला, "घरी चल."

मध्यंतरी नागपूरहून चित्रकला शिकवणारी एक मुलगी शाळेत शिबिर घ्यायला आली. मी तिला शेजारी नेलं. अर्धवट जाळं बघून ती खालीच बसली. म्हणाली, "काकू, हे इन्स्टॉलेशन आहे!"

"इन्स्टालेशन तं डिशचं असते बाई," कौतिकाबाई म्हणाल्या. "आमच्याइथं झालं."

मुलगी हसली नाही, ते मला आवडलं. टाकाऊ कपड्यांपासून लोक कायकाय उभारतात, त्याचे फोटो तिने मोबाइलवर दाखवले. दोन मजले उंच पडदे, झाडांना गुंडाळलेल्या साड्या. कौतिकाबाईंनी एकेक फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "हे कोनाकोनाचे कपडे आहेत?" ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने परत गेल्यावर शिंप्यांकडच्या कातरणांची दोन पोती पाठवली. कौतिकाबाईंनी ती नाकारली नाहीत. निळं, करडं, हिरवट निवडून त्यांनी सगळी नदी भरून काढली. "नदी कोना एकाची नाई," त्या म्हणाल्या, "तिले कोनाचंबी चालते." तेव्हापासून त्या जाळ्यावर एक भलीमोठी वैनगंगा होती आणि काठाला गाव जवळजवळ नव्हतंच. मला ते बघवत नसे. बोलले मात्र नाही, कारण बोलून मी तरी काय देणार होते? भंडाऱ्याची साडी?

सोमाजी धान कापणीच्या दिवसांत गेले. सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बायकांनी कौतिकाबाईंना आतमध्ये घेऊन बसवलं होतं. जे काय करायचं ते सगळं केलं. कुंकू पुसलं, बांगड्या गेल्या. मला वाटायचं हे आता कुठे करतात. करतात. बाहेर भाऊबंदांनी बाज, अंथरूण, पांघरूण सगळं आवरलं. गाठोडी बांधली आणि माणसाबरोबर नदीवर नेली.

तेरवी झाली. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मी कौतिकाबाईंपाशी बसले होते. देवकाबाई आली. मान खाली. पाट मागितला नाही, पाणी मागितलं नाही, हळदीकुंकवाचा तर प्रश्नच नव्हता. पदराखालून तिने लाल लुगड्याचं पोतेरं काढलं, स्वच्छ धुऊन घडी केलेलं, आणि कौतिकाबाईंच्या हातात दिलं.

"घे व माय," ती म्हणाली. "आता देता येते."

तिला त्यात काही वाकडं बोलायचं नव्हतं. ती प्रेमाने आली होती, आधीच्या नकाराची भरपाई करायला आली होती. म्हणूनच ते वाक्य मला अजून ऐकवत नाही. कौतिकाबाईंनी लुगडं घेतलं. पाहिलं, नाकाशी धरलं. आणि म्हणाल्या, "बस ना, चहा ठेवतो."

मग सगळेच आले. आता काही आडवं येत नव्हतं. विधवा बाईला फाटकं दिलं तर कुणाला पाप लागत नाही, उलट थोडं पुण्यच. जळण्यातून वाचलेलं जे जे होतं ते सगळं त्या दारात येऊन पडलं. धोंडूजींचं धोतर, बाळंतिणीचे पट्टे, पाळण्याची झोळी, कोणाच्या तरी लग्नातलं, पार विरलेलं उपरणं. सुमित्राबाईसुद्धा आल्या, आणि हाक न मारता आल्या. वर्षानुवर्षं मागून न मिळालेलं सगळं आठ दिवसांत मिळालं. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मला इतका संताप आला होता की कुणावर काढावा तेच कळेना. देवकाबाईवर? तिने काय केलं होतं? तिच्या जागी मी असते तर मीही ब्लाउजपीसच दिला असता. दिलाच होता.

काही दिवसांनी भिंतीपलीकडून टर्रकन फाडल्याचा आवाज आला.

मी उठून गेले. "कौतिकाबाई, आता कशाला?"

"कापड आलं ना जी," त्या म्हणाल्या. "आता वापस कसं करू?"

बाज उभी करून भिंतीला लावली होती. त्या गाठ मारत, जाळं उचलून तिकडे धरत, क्षणभर थांबत आणि खाली ठेवत. "हूं" म्हणायला कोणी नव्हतं. एखादी गाठ मात्र त्या थांबून पुन्हा सोडत आणि हातभर सरकवून बांधत. तेव्हा त्यांना काय ऐकू यायचं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या बदलीचा आदेश आला, आणि त्याच सुमाराला गाव पूर्ण झालं. ते घरात मावेना म्हणून देवकाबाईच्या पुढाकाराने समाजमंदिरात पसरलं. लोकांनी बाहेर चपला काढल्या. मग धोंडूजी म्हणाले, "माहा वाडगा आजून पुढं होता," आणि एकदम सगळे बोलू लागले. भांडणं लागली. बोडीची पाळ कोणत्या अंगाला वळत होती, चिंचेचं झाड कुणाच्या हद्दीत होतं, यावरून म्हातारे एकमेकांवर धावून गेले. बायका आपापल्या घराशी उकिडव्या बसल्या. देवकाबाई लाल लुगड्याशी बसली होती आणि डोळे पुसत होती. बाजूची तिला चिडवत होती, की पोतेऱ्याले काहून रडते? ज्या पोरांनी डोंगाघाट कधी पाहिलं नव्हतं त्यांना आज्या सांगत होत्या, इथं मी पडलो, इथं तुहा बाप झाला. कोणी हसत होतं. कोणी हसताहसता बाहेर निघून गेलं.

कौतिकाबाई दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. पांढरं कपाळ, हात रिकामे. मी त्यांच्याजवळ गेले आणि सहज विचारलं, "तुमचं घर कुठलं?"

त्यांनी बोट दाखवलं. नदीच्या अंगाला, देवकाबाईच्या लालशेजारी, एक जागा होती. तिथे नुसतं जाळं होतं. खालची फरशी दिसत होती.

"कापड?" मी म्हटलं. "सोमाजींचं काही? तुमची जुनी लुगडी?"

"जुने लुगडे बुढ्याखाली अंथरत होतो ना जी. मऊ राहतेत. रोज बदलाव लागे." त्या म्हणाल्या. "थे अन् बुढ्याचे कपडे, सगळे अंथरुनासंगं नदीत गेले. मी आत बसलो होतो बायायमंदी. बाहीर आलो तं अंगन झाडून झालं होतं."

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकले.

तेवढ्यात समाजमंदिरात गर्दी वाढली. कुणाच्या घरावर पाय पडू नये म्हणून लोक अंग चोरत चालत होते, आणि हळूहळू एकेक जण त्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहू लागला. तिथून सगळं गाव नीट दिसत होतं. आधी धोंडूजी, मग सुमित्राबाई, मग पोरं. कुणीतरी म्हणालं, "अरे सरका, हे कोनाचं तरी असन."

कौतिकाबाई दारातूनच म्हणाल्या, "उभे राहा ना बाप्पा. तिथं कोनी राहत नाई."

लोक उभे राहिले. थोड्या वेळाने माझाही नंबर लागला. मी तिथेच जाऊन उभी राहिले, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागा नव्हती.